टिन-१३२ मध्ये न्यूट्रॉन ‘ठेवून’ पाहतात म्हणजे नेमके काय करतात? ट्रान्सफर अभिक्रियांविषयी शंका

वैशाखवारा (प्रश्न)

नमस्कार. मी एम.एस्सी.च्या वर्गाला अणुकेंद्रकीय भौतिकी शिकवते. कवच प्रतिमान (केंद्रकातले प्रोटॉन व न्यूट्रॉन ठरावीक कक्षांच्या कवचांत भरले जातात ही मांडणी) शिकवून झाले की मी दरवर्षी ट्रान्सफर अभिक्रियेचे, म्हणजे एका केंद्रकातला कण दुसऱ्यात जाण्याचे, एक उदाहरण घेते, ड्यूटेरॉन-प्रोटॉन अभिक्रिया (ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी): ड्यूटेरॉनचा झोत शिशाच्या पातळ पापुद्र्यावर पडतो, ड्यूटेरॉनमधला न्यूट्रॉन शिसे-२०८ मध्ये राहून जातो, प्रोटॉन सुटून पुढे जातो आणि त्या प्रोटॉनची ऊर्जा व दिशा मोजून शिसे-२०९ मध्ये न्यूट्रॉन कोणत्या कक्षेत बसला हे आपण ओळखतो. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले की टिन-१३२ हेही ५० प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉन असलेले, म्हणजे दुहेरी जादुई (प्रोटॉन व न्यूट्रॉन दोहोंची कवचे पूर्ण भरलेले) केंद्रक आहे, तर टिन-१३३ मधल्या कक्षा कशा ओळखल्या? टिन-१३२ चे अर्धायुष्य जेमतेम ४० सेकंद आहे. त्याचा पापुद्रा कोण आणि कसा तयार करणार?

झोत आणि टार्गेट यांची अदलाबदल करतात, एवढे मी सांगितले. घरी येऊन विचार करू लागले तेव्हा मात्र माझे उत्तर मलाच अपुरे वाटले. अदलाबदल केल्यावर प्रोटॉन कुठे जातात? लाखो अब्ज ड्यूटेरॉनांच्या जागी सेकंदाला काही हजार किंवा लाख दुर्मीळ केंद्रके मिळत असतील, तर मोजण्याजोग्या घटना घडतात तरी किती? आणि सर्वांत शेवटी जो स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर (न्यूट्रॉन कितपत शुद्धपणे त्या एका कक्षेत आहे हे सांगणारा आकडा, पूर्ण शुद्ध असेल तर १) काढला जातो, तो खरोखर मोजलेला आकडा आहे की प्रतिमानातून आलेला? या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्या कोणी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

शलाका

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीने नेमके त्या प्रयोगावर बोट ठेवले आहे ज्याने या क्षेत्राला उभारी दिली. टिन-१३२ वरची ही अभिक्रिया अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत झाली आणि केट जोन्स व सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २०१० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले.

आधी झोताविषयी. युरेनियम कार्बाइडच्या टार्गेटवर प्रोटॉन मारले की युरेनियमचे विखंडन होते आणि तुकड्यांमध्ये टिन-१३२ सापडते. अडचण अशी की त्याच वस्तुमानाची इतर मूलद्रव्येही, म्हणजे समभारिके, त्याच्याबरोबर निघतात, आणि १३२ वस्तुमानाला ती टिनपेक्षा बरीच जास्त असतात. ओक रिजच्या मंडळींनी यावर रसायनशास्त्राची युक्ती योजली. आयन-स्रोतात गंधक सोडले की टिन सल्फाइडचे रेणू-आयन तयार होतात, शेजारची मूलद्रव्ये मात्र तसे सल्फाइड फारसे करत नाहीत. मग त्या जड रेणूचे वस्तुमान निवडायचे, नंतर रेणू फोडायचा, आणि उरलेल्या टिनला २५ दशलक्ष व्होल्टच्या टँडेम त्वरकातून सुमारे ६३० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा द्यायची. न्यूक्लिऑनमागे (दर प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे) हे साधारण पावणेपाच एमईव्ही होतात. चाळीस सेकंदांचे आयुष्य या सगळ्या प्रवासाला पुरून उरते. खरे सांगायचे तर ट्रान्सफर अभिक्रियांच्या जगात टिन-१३२ दीर्घायुषीच म्हणावे लागेल.

टार्गेट म्हणजे पॉलिथिलीनचा अतिशय पातळ पापुद्रा, ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असते. आता तुमचा मुख्य प्रश्न: प्रोटॉन कुठे जातात? आपल्या नेहमीच्या मांडणीत ड्यूटेरॉन केंद्रकाच्या कडेला घासून जातो, न्यूट्रॉन मागे ठेवतो आणि प्रोटॉन ड्यूटेरॉनच्याच दिशेने पुढे निघून जातो. वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत उभे राहून पाहिले तर उलट्या मांडणीतही तेच घडते. फरक एवढाच की तिथे ड्यूटेरॉन टिनच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे झोताच्या उगमाकडे तोंड करून चाललेला दिसतो. त्यामुळे न्यूट्रॉन गमावलेला प्रोटॉन प्रयोगशाळेत मागच्या बाजूला, ज्या दिशेने झोत आला त्या दिशेला, अल्प ऊर्जेने बाहेर पडतो. ज्या कोनांत घटनांची संख्या सर्वाधिक असते आणि ज्यांतून कक्षेची ओळख पटते, ते सगळे कोन ९० अंशांच्या मागे जमा होतात. म्हणून सिलिकॉन डिटेक्टर टार्गेटच्या मागच्या बाजूला मांडतात, आणि जड टिन-१३३ मात्र झोताच्या दिशेने अगदी अरुंद शंकूत सरळ पुढे जाते. माझ्या मते हा या पद्धतीतला सर्वांत देखणा भाग आहे, कारण मागच्या बाजूला दुसरे काही फारसे येतच नाही: लवचीकपणे आदळून उडालेले ड्यूटेरॉन आणि कार्बन पुढच्या अर्ध्या भागातच राहतात.

घटनांची संख्या तुम्ही वर्गात फळ्यावर काढू शकता. पापुद्र्याची जाडी दर चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोग्रॅम धरा. पॉलिथिलीनच्या एका एककाचा रेणूभार १६, प्रत्येकात दोन ड्यूटेरियम, म्हणून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७.५ गुणिले १० चा १८ वा घात इतके ड्यूटेरॉन. एका अवस्थेसाठी एकूण क्रॉस सेक्शन (अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचे माप, क्षेत्रफळाच्या एककात) १० मिलिबार्न आणि झोत सेकंदाला एक लाख कणांचा मानला, तर दिवसाला साधारण ६५० अभिक्रिया होतात. डिटेक्टर त्यातला काही हिस्साच पकडतो. झोत दहा हजारांवर आला की दिवसाला ६५ उरतात. आठवडाभर अखंड झोत मागावा लागतो तो यासाठीच.

निष्पत्ती अशी की टिन-१३३ च्या चार अवस्था दिसल्या: मूळ अवस्था आणि तिच्या वर ८५४ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट), १३६३ केईव्ही आणि २००५ केईव्ही. यांतली १३६३ ची अवस्था नवी होती. त्याआधी पी १/२ कक्षेसाठी (अक्षर कक्षीय कोनीय संवेग सांगते, अपूर्णांक एकूण कोनीय संवेग) १६५६ केईव्हीची अवस्था धरली जात असे. चारही अवस्थांचे स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर त्रुटीच्या मर्यादेत १ च्या आसपास आले, म्हणजे ८२ न्यूट्रॉनांचे कवच इतके घट्ट बंद आहे की ८३ वा न्यूट्रॉन जवळजवळ एकटाच वावरतो. शिसे-२०९ सारखेच हे उदाहरण आहे, आणि ते शिशाइतक्या स्थिर केंद्रकापासून पुष्कळ दूर मिळाले.

कोकणकडा

वरच्या प्रतिसादात एक दुरुस्ती सुचवतो, कारण विद्यार्थी इथेच गोंधळतात. प्रोटॉनांच्या कोनीय वितरणावरून न्यूट्रॉनने नेलेला कक्षीय कोनीय संवेग, म्हणजे ‘एल’, कळतो. एकूण ‘जे’ कळत नाही. ८५४ आणि १३६३ या दोन्ही अवस्थांना एल = १ आहे. पहिली पी ३/२ आणि दुसरी पी १/२ हा निष्कर्ष कवच प्रतिमानाचा आधार घेऊन काढलेला आहे. ध्रुवीकृत ड्यूटेरॉन वापरले तर दोहोंत फरक करता येतो, पण दुर्मीळ झोतांच्या बाबतीत ती चैन सहसा परवडत नाही.

शिवाय पॉलिथिलीनमधल्या कार्बनचाही उल्लेख व्हायला हवा होता. झोतातली केंद्रके कार्बनशी एकरूप होऊन बाष्पीभवनाने प्रोटॉन आणि अल्फा कण सोडतात, आणि त्यांतले काही मागेही येतात. म्हणून नुसत्या कार्बनच्या पापुद्र्यावर वेगळे मोजमाप करून ते वजा करतात, किंवा पुढे गेलेले जड केंद्रक ओळखून त्याच्याशी एकाच वेळी आलेला प्रोटॉन तेवढा मोजतात.

उलट्या मांडणीचा खरा शाप मात्र वेगळा आहे. मागच्या कोनांत निरनिराळ्या अवस्थांचे प्रोटॉन ऊर्जेच्या पट्टीवर एकमेकांजवळ दाबले जातात. केंद्रकाच्या पातळ्यांत एक एमईव्हीचे अंतर असले तरी प्रोटॉनांच्या ऊर्जेत ते बरेच कमी दिसते. त्यात पापुद्र्यात हरवलेली ऊर्जा मिळवली की जवळजवळच्या अवस्था वेगळ्या होत नाहीत. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेने यावर जो उपाय काढला, त्याचे मला आजही कौतुक वाटते. रुग्णालयात एमआरआयसाठी वापरलेले जुने अतिवाहक चुंबक त्यांनी घेतले, झोत त्याच्या अक्षावरून सोडला आणि प्रोटॉनांना चुंबकीय क्षेत्रात मळसूत्री मार्गाने फिरू दिले. २.८५ टेस्ला क्षेत्रात प्रोटॉन, त्याची ऊर्जा कितीही असो, सुमारे २३ नॅनोसेकंदांत एक फेरी पूर्ण करून पुन्हा अक्षावर येतो. तो अक्षावर कुठे उतरला आणि त्याची ऊर्जा किती, हे मोजले की झाले. ठरावीक अंतरावर उतरलेल्या प्रोटॉनांत पातळ्यांमधले अंतर जवळजवळ जसेच्या तसे दिसते. दाबले जाण्याचा प्रकार नाहीसा होतो. याचे नाव हीलिऑस. सर्नच्या आयसोल्डे केंद्रातही पुढे असाच सोलेनॉइड, तोही जुन्या एमआरआय चुंबकातून, उभा राहिला. तिथे पारा-२०६ च्या झोतावर न्यूट्रॉन ठेवून पारा-२०७ ची पातळी-रचना पाहिली गेली. त्याआधी १२६ न्यूट्रॉनांच्या पलीकडे आणि शिशाच्या खाली असलेल्या त्या कोपऱ्यात न्यूट्रॉनच्या कक्षांविषयी काहीच हाती नव्हते.

पाटीपेन्सिल

तिसऱ्या शंकेविषयी मी लिहितो, कारण माझे काम सिद्धांताच्या बाजूचे आहे आणि प्रयोग करणाऱ्या मित्रांशी माझा याच मुद्द्यावर वाद चालतो.

प्रयोगात मोजला जातो तो क्रॉस सेक्शन, कोनानुसार. तो आकडा निखळ आहे. त्यापुढे काय करतात ते पाहा: न्यूट्रॉन एका शुद्ध कक्षेत बसला असे गृहीत धरून क्रॉस सेक्शन गणिताने काढतात आणि मोजलेल्या आकड्याला त्याने भागतात, येणारा भागाकार म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर. छेदस्थानी असलेल्या त्या गणितात ड्यूटेरॉन व टिन यांच्यातला प्रकाशीय विभव (टक्करीत कण कसा विखुरतो व शोषला जातो हे मांडणारा विभव) हवा, प्रोटॉन व टिन-१३३ यांच्यातला हवा, आणि बांधलेल्या न्यूट्रॉनच्या विहिरीची त्रिज्या व पृष्ठभागाची विरळता हवी. यांतले बहुतेक विभव स्थिर केंद्रकांवरच्या मोजमापांतून आलेले असतात आणि ते न्यूट्रॉनांनी श्रीमंत केंद्रकांना लावले जातात. त्रिज्या थोडी बदलली की उत्तर काही टक्क्यांनी नव्हे, तर सहज दहा-वीस टक्क्यांनी सरकते. ड्यूटेरॉन २.२ एमईव्हीनेच बांधलेला असल्याने तो केंद्रकाजवळ येताच फुटू लागतो. जॉन्सन आणि सोपर यांनी १९७० साली या फुटण्याचा हिशोब विभवातच बसवण्याची रीत दिली, म्हणून निदान ती एक मोठी चूक आता टळते.

यापेक्षा खोल आक्षेप असा की स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर हे काटेकोर अर्थाने निरीक्षणीय परिमाणच नाही. फर्नस्टाल आणि हॅमर यांनी २००२ साली दाखवले की विभवाच्या ज्या रूपांतरांनी कोणतेही मोजमाप बदलत नाही, त्यांनी कक्षांच्या भरणीचे आकडे मात्र बदलतात. अभिक्रिया केंद्रकाच्या पृष्ठभागावर घडत असल्याने खरोखर हाती लागते ती न्यूट्रॉनच्या तरंगफलनाच्या बाहेरच्या शेपटीची उंची. ती शेपटी आतल्या भागाशी जोडून जो आकडा काढला जातो, त्यात आतला भाग आपण गृहीत धरलेला असतो.

तरीही विद्यार्थ्यांना ‘हा आकडा खोटा आहे’ असे सांगू नका. एकाच पद्धतीने, एकाच प्रकारच्या विभवांनी काढलेले आकडे शेजारशेजारच्या समस्थानिकांत कसे बदलतात, यातून विश्वासार्ह माहिती मिळते. एल चे मूल्य आणि अवस्थेची ऊर्जा तर प्रतिमानावर फारशी अवलंबून नसते. मिशिगन स्टेट विद्यापीठात आर्गॉन-३४, ३६ आणि ४६ यांच्यावर प्रोटॉन-ड्यूटेरॉन अभिक्रिया करून २०१० मध्ये असे आढळले की न्यूट्रॉन घट्ट बांधलेला असो वा सैल, कवच प्रतिमानाच्या अपेक्षेच्या तुलनेत फॅक्टरमधली घट फारशी बदलत नाही. अतिवेगवान झोतातून न्यूट्रॉन उडवून काढण्याच्या प्रयोगांत मात्र घट्ट बांधलेल्या न्यूट्रॉनची घट खूपच मोठी दिसते. दोन्ही प्रकारची मोजमापे चांगली आहेत. कुठल्या तरी एका अभिक्रियेचे प्रतिमान अपुरे आहे. माझा कल ट्रान्सफरच्या बाजूने आहे, हे मान्य करतो.

वैशाखवारा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. फळ्यावरचे गणित उद्याच घेईन. वाचताना आणखी एक शंका आली. टिन-१३३ मध्ये शेवटचा न्यूट्रॉन सुमारे २.४ एमईव्हीने बांधलेला आहे. बेरिलियम-११ मध्ये तो अर्ध्या एमईव्हीनेच बांधलेला असतो आणि त्याचे तरंगफलन केंद्रकाबाहेर दूरवर पसरलेले असते. तिथे ‘कक्षेत बसवणे’ ही भाषा तरी लागू पडते का?

शलाका

लागू पडते, आणि तिथेच ही पद्धत सर्वांत जास्त बोलकी होते. साध्या कवच प्रतिमानाप्रमाणे बेरिलियम-११ चा सातवा न्यूट्रॉन पी १/२ कक्षेत हवा आणि मूळ अवस्थेची समता ऋण हवी. प्रत्यक्षात मूळ अवस्था १/२ धन आहे आणि अपेक्षित १/२ ऋण अवस्था ३२० केईव्ही वर बसली आहे. ही अदलाबदल टाल्मी आणि उन्ना यांनी १९६० मध्येच शेजारच्या केंद्रकांवरून ताडली होती. बेरिलियम-१० चे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे असल्याने त्याचा झोत चांगला मिळतो; ओक रिजमध्ये तो ड्यूटेरियमच्या टार्गेटवर चार वेगवेगळ्या ऊर्जांना सोडला गेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मूळ अवस्थेचा फॅक्टर ०.७१ आणि ३२० केईव्हीच्या अवस्थेचा ०.६२ आला, आणि चारही ऊर्जांना तो एकसारखाच राहिला. वरच्या प्रतिसादातला आक्षेप मला मान्य आहे, पण चार ऊर्जांना एकच उत्तर येते तेव्हा त्याला काही वजन द्यायला हवे की नाही?

राहिलेला हिस्सा कुठे गेला, हे विरुद्ध दिशेच्या अभिक्रियेने कळते. फ्रान्समधल्या गानिल केंद्रात बेरिलियम-११ चा झोत प्रोटॉनांवर सोडून एक न्यूट्रॉन काढून घेतला गेला. तेव्हा काही वेळा मागे उरलेले बेरिलियम-१० आपल्या ३.३७ एमईव्हीच्या २ धन अवस्थेत सापडले. म्हणजे मूळ अवस्थेत सुमारे १६ टक्के भाग असा आहे ज्यात गाभा स्वतःच उत्तेजित झालेला आहे आणि न्यूट्रॉन डी ५/२ कक्षेत आहे. न्यूट्रॉन ठेवून पाहणे आणि काढून पाहणे ही दोन मोजमापे एकमेकांची तपासणी करतात.

दोन न्यूट्रॉनांचा प्रश्न असेल तर दोन न्यूट्रॉन एकदम काढायचे. लिथियम-११ चे अर्धायुष्य ९ मिलिसेकंदांहूनही कमी आहे, तरी कॅनडातल्या ट्रायम्फमध्ये तनिहाता आणि सहकाऱ्यांनी प्रोटॉनांवर त्याचा झोत सोडून ट्रायटॉन मोजले. २००८ साली ते प्रसिद्ध झाले. प्रभामंडळातले, म्हणजे गाभ्याबाहेर दूरवर पसरलेले, दोन न्यूट्रॉन एकमेकांशी कसे जोडलेले आहेत याची ती थेट परीक्षा होती. ट्रायम्फमध्येच पुढे भारतीय वंशाच्या ऋतुपर्णा कानुंगो यांच्या नेतृत्वाखाली आयरिस हे उपकरण उभे राहिले. त्यात पॉलिथिलीन नाहीच. घनरूप गोठवलेला हायड्रोजन किंवा ड्यूटेरियम हेच टार्गेट असते, त्यामुळे कार्बनची कटकट संपते.

गिरगावकर

आपल्याकडे काय होते, असा प्रश्न तुमच्या वर्गात हमखास येईल, म्हणून लिहितो. मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) कुलाब्यातल्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचा जो पेलेट्रॉन त्वरक आहे, तो १९८८ पासून चालू आहे. त्यात झोत स्थिर समस्थानिकांचेच असतात, पण ट्रान्सफर अभिक्रियांचा उपयोग तिथेही होतो. एक उदाहरण मला फार शिकवण्याजोगे वाटते. थोरियमच्या इंधनचक्रात प्रोटॅक्टिनियम-२३३ न्यूट्रॉन शोषून किती वेळा विखंडित होते हे हवे असते. पण त्याचे अर्धायुष्य २७ दिवसांचे, त्यामुळे त्याचे टार्गेट बनवणे जिकिरीचे आहे. म्हणून थोरियम-२३२ वर लिथियम-६ चा झोत सोडतात. लिथियम आपला ड्यूटेरॉन थोरियमला देतो, अल्फा कण बाहेर पडतो, आणि जे प्रोटॅक्टिनियम-२३४ तयार होते तेच न्यूट्रॉन शोषल्यावर तयार झाले असते. म्हणजे टार्गेट हाताळता येत नसेल तर दुसऱ्या वाटेने त्याच केंद्रकापर्यंत पोहोचायचे. टिन-१३२ च्या प्रयोगामागेही अडचण हीच आहे, सोडवण्याची रीत तेवढी वेगळी.

वैशाखवारा

हे उदाहरण उत्तम आहे. शेवटचे एक विचारते. टिन-१३३ मध्ये १५६१ केईव्हीला ९/२ ऋण अवस्था आहे असे तक्त्यात दिसते. वर दिलेल्या चार अवस्थांत ती नाही. ती सुटली की तिथे नव्हतीच?

कोकणकडा

ती आहे, पण या अभिक्रियेला ती सहज दिसत नाही. तिच्यासाठी न्यूट्रॉनने एल = ५ न्यायला हवा. ड्यूटेरॉनच्या ९.५ एमईव्ही ऊर्जेशी समतुल्य असलेल्या या टकरीत येणाऱ्या ड्यूटेरॉनचा तरंगसदिश सुमारे ०.९५ आणि जाणाऱ्या प्रोटॉनचा सुमारे ०.६७ प्रति फेम्टोमीटर येतो. दोन्ही एकाच दिशेला असताना फरक ०.२८, टक्कर साधारण ७ फेम्टोमीटरवर घडते असे धरले तर गुणाकार २ च्या जवळ येतो. केंद्रकाच्या विद्युत प्रतिसारणाचा परिणाम यात धरलेला नाही, म्हणून हा अंदाजच समजा. पण एल = १ आणि ३ या मूल्यांना ही अभिक्रिया अनुकूल का आहे आणि ५ ला कंजूस का, ते एवढ्यावरून कळते. ज्यांना मोठा एल हवा असतो ते अल्फा कणातून न्यूट्रॉन देणारी अभिक्रिया निवडतात. तिथे न्यूट्रॉन अल्फापासून तोडायला २०.६ एमईव्ही लागतात, त्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या कणांच्या संवेगांत मोठी तफावत पडते, आणि नेमक्या त्या तफावतीमुळेच मोठ्या कोनीय संवेगाच्या कक्षा उठून दिसतात.